रंगाची वजाबाकी, आकाशाची वजाबाकी

प्रश्न असा आला आहे: कीटकांना रंग दिसतात आणि ध्रुवित प्रकाशही दिसतो, असं वाचलं. डोळा तर एकच. मग या दोन गोष्टींची सरमिसळ होत नाही का? मेंदूत त्या कुठे जातात? आणि पावसाळा संपताना चतुर माझ्या लाल गाडीच्या बॉनेटवर शेपटी आपटत बसतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. पण गाडीकडे शेवटी येते. आधी सरमिसळीचं बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सरमिसळ होते. ती टाळायची सोय डोळ्यातच केलेली नसेल तर हमखास होते, आणि एकदा झाली की पुढे मेंदूलाही ती निस्तरता येत नाही. मी गेली अठरा वर्षं कीटकांच्या मेंदूत इलेक्ट्रोड उतरवून ऐकत बसते. माझं मत विचाराल तर या कामासाठी मेंदूकडे मुळात एकच युक्ती आहे, वजाबाकी. एका पेशीच्या उत्तरातून दुसरीचं उत्तर वजा करायचं. बाकी जे येईल तो रंग म्हणायचा की आकाशातली दिशा, हे त्या दोन पेशी एकमेकींपासून कशात वेगळ्या आहेत यावर ठरतं.

एक प्रकाशग्राही पेशी घ्या. मधमाशीच्या डोळ्यात अशा पेशी तीन प्रकारच्या असतात. एकीला ३४४ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश सर्वांत जास्त मानवतो, दुसरीला ४३६ चा निळा, तिसरीला ५४४ चा हिरवा. आता या तिसऱ्या पेशीवर मंद हिरवा प्रकाश टाका, नाहीतर प्रखर निळा टाका. दोन्ही वेळी तिचं उत्तर अगदी सारखं येऊ शकतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, किती पकडले एवढंच ती मोजते. तो कोणत्या तरंगलांबीचा होता ही माहिती पकडल्याक्षणी पुसली जाते. म्हणजे जिला आपण हिरवी पेशी म्हणतो ती स्वतः पक्की रंगांधळी असते. आपल्या डोळ्यातल्या शंकुपेशींचंही हेच आहे.

कीटकाच्या पेशीला याशिवाय आणखी एक खोड आहे. तिच्या एका कडेला हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात, दात घासायच्या ब्रशच्या केसांसारख्या एकमेकींना समांतर लागलेल्या. प्रकाश पकडणारं रंगद्रव्य, रोडॉप्सिन, या नळ्यांच्या भिंतीत बसलेलं असतं. प्रकाश ही लहर आहे, आणि ती कोणत्या तरी दिशेत हलत असते. खिडकीच्या गजाला दोरी बांधून दुसरं टोक वरखाली हलवलं तर उभी लाट जाते, डावी-उजवीकडे हलवलं तर आडवी. साध्या उजेडात सगळ्या दिशांच्या लाटा मिसळलेल्या असतात. एकाच दिशेच्या लाटा जास्त असल्या की त्या प्रकाशाला ध्रुवित म्हणायचं. लाट नळ्यांच्या लांबीच्या दिशेत हलत असेल तर कीटकाची पेशी ती जास्त पकडते, काटकोनात असेल तर कमी. आपल्या डोळ्यात रंगद्रव्य चकत्यांच्या पृष्ठभागावर मोकळं फिरत असतं आणि प्रकाश त्या चकत्यांवर समोरून पडतो, म्हणून आपली सुटका झाली. कीटकांना ध्रुवण ओळखायला वेगळं इंद्रिय बनवावं लागलं नाही. ते त्यांच्या पेशीच्या घडणीत फुकट आलं, आणि फुकट आलेल्या बऱ्याच गोष्टींसारखं डोकेदुखी घेऊन आलं.

डोकेदुखी अशी, की पेशीकडून मेंदूला मिळतो एकच आकडा. त्या आकड्यात उजेड किती, रंग कोणता आणि लाटेचा कोन कोणता हे तिन्ही एकत्र कालवलेलं असतं.

ही नुसती कागदावरची अडचण नाही. १९९९ साली अल्मुट केल्बर यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॅपिलिओ एजियस या फुलपाखरावर प्रयोग केले. अंडी घालायला पान निवडताना मादी हिरवा रंग बघते. केल्बर यांनी रंग तोच ठेवला आणि फक्त ध्रुवणाचा कोन बदलला, तर मादीची निवड बदलली. तिच्या लेखी पानाचा रंगच बदलला होता. पानाची चकाकी ध्रुवित असते, तेव्हा रानातही हे होतच असणार. चकचकीत आडवं पान आणि निस्तेज लोंबतं पान हे तिला दोन वेगळ्या हिरव्या रंगांचे वाटणार. हिला चूक म्हणावं की सोय, यावर आमच्यात अजून वाद होतात. माझा कल सोयीकडे आहे. कोवळं, चकाकणारं, नीट आडवं धरलेलं पान वेगळं दिसलं तर मादीचं काय बिघडलं? महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत याच पॅपिलिओ कुळीतलं आहे, म्हणून लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालणारी मादी दिसली की मला हा प्रयोग आठवतो.

हे सगळं वाचलेलं असूनही मी शिकत असताना पचका करून घेतलाच. फुलपाखरांना दोन रंगांतला फरक शिकवायचा होता. कार्डं पुसता यावीत म्हणून मी ती हौसेने लॅमिनेट केली. निकाल इतके छान आले की संशय यायला हवा होता. आठवडाभराने कुणीतरी पोलरॉइडची, म्हणजे एकाच दिशेच्या लाटा पार जाऊ देणारी, काच डोळ्यासमोर फिरवून कार्डाकडे बघितलं आणि म्हणालं, अगं, हे कार्ड लुकलुकतंय. फुलपाखरं काय शिकली होती देव जाणे. सगळे आकडे टाकून दिले. तेव्हापासून खरखरीत मॅट कागदच वापरते, आणि एलसीडी स्क्रीनवर रंग दाखवून कीटकांची परीक्षा घेणाऱ्यांकडे जरा साशंकपणे बघते. त्या स्क्रीनमधून येणारा प्रकाश मुळात ध्रुवितच असतो.

मग मधमाशीची ही गल्लत का होत नाही? तिच्या डोळ्यात पाचएक हजार नेत्रिका असतात, म्हणजे षटकोनी भिंग आणि त्याखाली पेशींची जुडी. डोळ्याच्या बहुतेक भागात ही जुडी सुंभाच्या पिळासारखी पिळलेली असते. प्रकाश खाली उतरत जातो तसा नळ्यांचा कोन बदलत जातो. वरच्या थरात एक कोन जास्त पकडला जातो, खालच्या थरात दुसरा, आणि शेवटी सगळे कोन सारखेच मोजले जातात. १९७५ मध्ये रुडिगर वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं. पीळ आहे तिथे पेशी ध्रुवणाला आंधळी होते, म्हणून तिच्या आकड्यात फक्त उजेड आणि रंग उरतात. तीनांपैकी एक अज्ञात राशी मेंदूपर्यंत जातच नाही.

डोळ्याच्या अगदी वरच्या काठाला मात्र नेत्रिकांची एक अरुंद पट्टी आहे. तिला आम्ही डॉर्सल रिम म्हणतो, इथे वरची कड म्हणू. तिथे पीळ नाही. प्रत्येक नेत्रिकेत पेशींचे दोन गट असतात, एकाच्या नळ्या दुसऱ्याच्या नळ्यांना काटकोनात. आणि दोन्ही गटांत रंगद्रव्य एकच. मधमाशी, मुंगी आणि माशीत ते अतिनील प्रकाशाचं असतं, रातकिड्यात आणि टोळात निळ्याचं. रंगद्रव्य एकच असल्यामुळे या दोन गटांची वजाबाकी केली तर रंग आपोआप गळून पडतो आणि उरतो फक्त कोन. खाली पीळ देऊन कोन पुसला, वर एकच रंगद्रव्य ठेवून रंग पुसला. हा बंदोबस्त इतका साधा आहे की पहिल्यांदा समजला तेव्हा मला थोडी असूयाच वाटली.

वरच्या कडेला बघायचं काय असतं? आकाश. सूर्यप्रकाश हवेतल्या रेणूंवर विखुरताना ध्रुवित होतो. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात हे ध्रुवण सर्वांत जास्त असतं, आणि आकाशभर त्याचे कोन सूर्याभोवती वर्तुळांसारखे मांडलेले असतात. सूर्य डोंगराआड गेला तरी डोक्यावरच्या निळ्या तुकड्यावरून त्याची दिशा काढता येते. सूर्य मावळतीला टेकला असताना पोलरॉइड गॉगल घालून डोक्यावरच्या आकाशाकडे बघा आणि मान हळूहळू गोल फिरवा. आकाश गडद होतं, उजळतं, पुन्हा गडद होतं.

मुंगीला हे जमतं याचा पहिला सुगावा फेलिक्स सान्ची या स्विस डॉक्टरला लागला. ट्युनिशियातल्या कैरुआन गावात त्याचा दवाखाना होता आणि मुंग्यांचा नाद होता. १९२३ मध्ये त्याने लिहिलं, की सूर्य अजिबात दिसत नसताना, चारी बाजूंनी आडोसा करून वर फक्त आकाशाचा गोल तुकडा दिसू दिला, तरी मुंग्या घराची वाट बरोबर धरतात. का, ते त्याला कळलं नाही. उत्तर कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दिलं. मधमाशी नाचून इतर माश्यांना फुलांचा पत्ता सांगते. पोळं आडवं ठेवलं की ती नाचताना थेट फुलांच्या दिशेकडे रोख धरते, पण त्यासाठी तिला आकाश दिसावं लागतं. त्यांनी नाचणाऱ्या माशीवर पोलरॉइडची काच धरून फिरवली आणि नाचाची दिशा फिरली. (आपल्याकडची फुलोरी माशी असा आडवा नाच रोजच करते. झुडपातल्या तिच्या एकपदरी पोळ्याच्या माथ्यावर सपाट जागा असते, तिथे उघड्या आकाशाखाली. सातेरीसारखं अंधारात उभ्या पोळ्यावर गुरुत्वाच्या हिशेबाने नाचायची गरज तिला पडत नाही.)

आता खुद्द वजाबाकीकडे. ती सर्वांत नीट उलगडली ती फळमाशीत, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या त्या चिलटासारख्या ड्रोसोफिलात. तिच्या प्रत्येक नेत्रिकेत आठ पेशी असतात. बाहेरच्या सहा मुख्यतः हालचाल टिपतात, त्यांचं काम इथे बाजूला ठेवू. मधल्या दोन, आर-७ आणि आर-८, एकीखाली एक बसलेल्या असतात. दोघी आकाशाचा किंवा पानाचा नेमका तोच बिंदू बघतात. वरची आर-७ अतिनील प्रकाशाची, खालची आर-८ निळ्याची किंवा हिरव्याची. दोघींचे तंतू लॅमिना हा पहिला थांबा न घेता थेट मेड्युला या दुसऱ्या थांब्यावर उतरतात.

तिथे त्या एकमेकींना दाबतात. कीटकाची प्रकाशग्राही पेशी हिस्टामिन सोडते, तेच हिस्टामिन ज्याच्या विरोधात आपण सर्दीच्या गोळ्या घेतो, आणि इथे ते समोरच्या पेशीला गप्प करतं. आर-७ वर अतिनील प्रकाश पडला की ती आर-८ चा आवाज कमी करते, आर-८ वर हिरवा पडला की ती आर-७ चा. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या गटाने २०१८ मध्ये हे थेट मोजून दाखवलं. म्हणजे वजाबाकी करायला पुढे कुणी हिशेबनीस नेमलेला नाही. ती पेशींच्या टोकांवरच होऊन जाते. शिवाय डीएम-९ नावाच्या पसरट पेशी शेजारपाजारच्या नेत्रिकांतून माहिती गोळा करून आणखी एक वजाबाकी करतात, त्यामुळे एका बिंदूचा रंग आजूबाजूच्या रंगाच्या तुलनेत ठरतो. मेड्युलात त्यापुढच्या काही पेशी तर ठरावीक छटेलाच उत्तर देतात.

आणि आता वरची कड. तिथेही तीच आर-७ आणि तीच आर-८. त्याही एकमेकींना तशाच दाबतात. फरक एवढाच, की इथे आर-८ सुद्धा अतिनील रंगद्रव्य घालून बसते आणि तिच्या नळ्या आर-७ च्या काटकोनात असतात. तेच परस्परांना दाबणं, पण उत्तर आता रंगाचं येत नाही, कोनाचं येतं. हा बदल घडवणाऱ्या जनुकाचं नाव होमोथोरॅक्स. २००३ मध्ये मॅथियास वेर्नेट आणि सहकाऱ्यांनी ते जनुक सगळ्या डोळ्यात चालू केलं तर रंग बघणाऱ्या मधल्या पेशी सगळीकडे ध्रुवण बघणाऱ्या पेशींसारख्या झाल्या. वरच्या कडेतलं त्याचं काम बंद पाडलं तर तिथल्या पेशी रंगाच्या पेशी बनल्या. विद्यार्थ्यांना रंगदृष्टी आणि ध्रुवणदृष्टी ही दोन वेगवेगळी प्रकरणं म्हणून शिकवली जातात याचा मला राग येतो तो याचमुळे. एका जनुकाची कळ दाबून ज्यातून ज्यात जाता येतं त्या दोन वेगळ्या गोष्टी कशा?

मेड्युलाच्या पुढे मात्र वाटा फुटतात. रंगाची वाट आधी.

मधमाशीत आणि भुंगामाशीत रंगाची माहिती मेड्युलाच्या आणि लोब्युला या तिसऱ्या थांब्याच्या आतल्या थरांतून मेंदूच्या पुढच्या भागात जाते, विशेषतः मशरूम बॉडी या छत्रीच्या आकाराच्या भागांत. मधमाशीच्या अख्ख्या मेंदूत दहा लाखांच्या आत चेतापेशी आहेत, त्यातल्या तीन लाखांहून अधिक एकट्या या छत्र्यांत. वासाचीही माहिती तिथेच येते. या रंगाच्या आणि या वासाच्या फुलात मध मिळाला होता, ही जोडणी तिथे होते. म्हणून रंगाची वाट ही शिकण्याची वाट आहे.

ती जरा आळशीही आहे. १९९६ मध्ये मार्तीन जुर्फा आणि सहकाऱ्यांनी मोजलं, की मधमाशीला वस्तूचा रंग कळायला ती डोळ्याशी सुमारे १५ अंशांचा कोन करण्याइतकी मोठी दिसावी लागते. त्याहून लहान दिसणारी वस्तू, सुमारे ५ अंशांपर्यंत, ती फक्त हिरव्या पेशींच्या जोरावर शोधते, म्हणजे रंगाविना. दोन सेंटिमीटरच्या फुलाचा हिशेब करा. माशीला ते साधारण २३ सेंटिमीटरवरून जाणवतं, पण त्याचा रंग कळतो तो साडेसात सेंटिमीटरवर आल्यावर. लांबून बाग रंगीबेरंगी दिसते ती आपल्याला. माशीला फूल अगदी नाकाशी आल्यावर रंगतं. वजाबाकीची किंमत ही अशी असते. दोन आकड्यांची वजाबाकी केली की दोघांतला गोंधळ मात्र बेरजेने येतो. तो कमी करायला पुष्कळ नेत्रिकांची सरासरी काढावी लागते, आणि सरासरी काढली की बारीक काही दिसत नाही.

रात्री तर हे आणखी कठीण व्हायला हवं. आपण चांदण्यात रंग पाहणं सोडूनच देतो. पण आपल्या भीमाशंकरच्या जंगलात एक मोठा काळा भुंगा आहे, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा, आणि अमावस्येच्या रात्रीही उडणारा. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर यांनी त्याच्या घरट्यांपाशी रंगीत खुणा लावून तपासलं. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की हे भुंगे नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंगावरून खूण ओळखायला शिकतात. त्यांचे डोळे मधमाशीच्याच धर्तीचे, दिवसा उडणाऱ्या कीटकांच्या बांधणीचे. निशाचर पतंगांच्या डोळ्यांत शेकडो भिंगं मिळून एका जागी प्रकाश गोळा करतात, तशी सोय या भुंग्याला नाही. भिंगं मोठी झाली आहेत, पण तेवढ्याने हिशेब पुरा पडत नाही. उरलेलं काम चेतापेशी करत असणार, उजेड जास्त जागेतून आणि जास्त वेळ साठवून. भोरगिरीच्या बाजूने पहाटे चढायला निघालात आणि कानाशी जड घुंईऽ ऐकू आली तर टॉर्च लगेच मारू नका.

आता ध्रुवणाची वाट. माझं आयुष्य तिच्यावर गेलं, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

रातकिड्याच्या मेंदूत एक पेशी आहे, पोल-१. थॉमस लाबहार्ट यांनी १९८८ मध्ये तिची वजाबाकी उघड केली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ती ऐकवते. किड्याला मेणाने बसवायचं, डोक्यावर खिडकी कापायची, काचेचं टोकदार इलेक्ट्रोड आत उतरवायचं आणि संदेश स्पीकरला जोडायचे. वर निळा दिवा आणि फिरता पोलरॉइड. काच फिरायला लागली की पेशी कडकडकड करत चढत जाते, मग मंदावते, मग गप्प. पुन्हा चढते, पुन्हा गप्प. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा. गप्प होण्याचा कोन बोलण्याच्या कोनाला बरोबर काटकोनात येतो, आणि ते गप्प होणं नुसतं उत्तर न देणं नाही. अंधारात तिची जी सवयीची टकटक चालू असते तीसुद्धा बंद पडते. म्हणजे कुणीतरी तिला दाबतं आहे. वजाबाकी ऐकू येते ती अशी.

या पेशी तीन प्रकारच्या आहेत. शरीराच्या लांबीशी १०, ६० आणि १३० अंशांचे कोन त्यांना आवडतात. प्रत्येक जण जवळजवळ दोनशे नेत्रिकांची बेरीज ऐकतो, त्यामुळे मध्ये ढगाचा पुंजका आला तरी फारसं बिघडत नाही. ध्रुवण पाच टक्क्यांवर घसरलं तरी रातकिडा कोन काढतो.

टोळात ही वाट जास्त लांबवर तपासली गेली आहे. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये उवे होमबर्ग यांच्या गटाने वाळवंटी टोळावर काम केलं, आणि ही तीच जात जी २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे उतरली होती. वरच्या कडेकडून निघालेली माहिती मेंदूच्या पुढच्या बाजूच्या एका लहानशा उंचवट्यात येते आणि तिथून मेंदूच्या ऐन मध्यावरच्या संकुलात जाते. या मध्यवर्ती संकुलात ब्रिज नावाचा भाग आहे, मिशीसारखा आडवा, सोळा कप्प्यांचा. २००७ मध्ये स्टॅनली हाइन्त्झे आणि होमबर्ग यांनी दाखवलं, की एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात गेलं की तिथल्या पेशीला आवडणारा कोन ठरावीक पावलाने सरकतो. कप्पे ओळीने वाचले की कोनांची चकती मिळते. टोळाच्या डोक्यात होकायंत्र आहे असं आम्ही म्हणतो ते उपमा म्हणून नव्हे, कप्पे खरोखर मोजता येतात.

या होकायंत्रात एक खोट आहे. लाटेच्या कोनाला टोक नसतं. रेघ उत्तर-दक्षिण आहे एवढं कळतं, पण उत्तर कुठली आणि दक्षिण कुठली हे कळत नाही. काच एका फेऱ्यात दोनदा पेशीला बोलवते ते याचमुळे. नुसत्या कोनावर भरवसा ठेवला तर प्राणी बरोबर उलट्या दिशेनेही चालू लागेल.

ही खोट भरून काढायला रंग येतो. सूर्याकडच्या आकाशात लांब तरंगलांबीचा प्रकाश तुलनेने जास्त असतो, विरुद्ध बाजूला अतिनील तुलनेने जास्त. मधमाशी हे जाणते. नाचणाऱ्या माशीला हिरवा ठिपका दाखवला तर ती त्याला सूर्य समजते, अतिनील ठिपका दाखवला तर सूर्याविरुद्धचं आकाश. टोळात हे मिलन कुठे होतं तेही सापडलं, त्याच पुढच्या उंचवट्यात. केराम फाइफर आणि होमबर्ग यांना तिथे अशा पेशी मिळाल्या ज्या वरून येणाऱ्या ध्रुवणाच्या कोनालाही उत्तर देतात आणि क्षितिजाकडच्या हिरव्या-अतिनील फरकालाही. एका बाजूचा हिरवा ठिपका त्यांना चेतवतो, तोच ठिपका अतिनील केला तर दाबतो. शिवाय कोनाची आवड आणि हिरव्याची आवड यांच्यातलं अंतर दिवसाच्या वेळेप्रमाणे सरकतं, जसा सूर्य चढेल तसं. डोळ्यात ज्या दोघांना एकमेकांपासून इतकं कटाक्षाने दूर ठेवलं, त्यांना मेंदूत अशा जागी एकत्र आणलं आहे जिथे एकाची उणीव दुसरा भरतो. आधी वेगळं करणं आवश्यक होतं, कारण डोळ्यातच मिसळले असते तर हा ताळा घेताच आला नसता.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रंग मुख्यतः छत्र्यांकडे, ध्रुवण मुख्यतः मध्यवर्ती होकायंत्राकडे, आणि आकाशाचा रंग अधेमधे होकायंत्राच्या वाटेलाही लागतो. कोणाचं ऐकायचं हे तिथेही परिस्थितीवर ठरतं. आफ्रिकेतले शेणकिडे शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेतात. त्यातल्या रात्री फिरणाऱ्या जातीच्या होकायंत्रातल्या पेशी दिवसाच्या उजेडात सूर्याचं ऐकतात, पण उजेड चांदण्याइतका कमी केला की चंद्राच्या ठिपक्यापेक्षा ध्रुवणाचं ऐकतात. दिवसा फिरणारी जात दोन्ही वेळी ठिपक्याचंच ऐकते. २०१५ मध्ये हे पेशींत आणि वागण्यात दोन्हीकडे जुळलेलं दिसलं.

आता तुमचं बॉनेट.

आतापर्यंत आपण वर बघणाऱ्या कडेबद्दल बोललो. पाण्यात अंडी घालणाऱ्या कीटकांना खाली बघूनही ध्रुवण लागतं. सपाट पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश आडवा ध्रुवित असतो, सर्वांत जास्त तो उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपास बघितलं तर. वाळू, गवत, कोरडी माती असं काही करत नाहीत. म्हणून आडवं ध्रुवण म्हणजे पाणी, हा नियम कोट्यवधी वर्षं बिनचूक होता. मग आपण डांबर, काच आणि गाडीचा रंग आणला. गाबोर होरवाथ यांच्या हंगेरीतल्या गटाने यावर पुष्कळ काम केलं आहे. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं, की लाल आणि काळ्या गाड्या पाणकीटकांना जास्त खेचतात.

लालच का, यात रंग आणि ध्रुवण पुन्हा भेटतात, या वेळी मेंदूच्या बाहेर. रंगाच्या थरातून आत जाऊन विखरून परत येणारा प्रकाश ध्रुवित नसतो, तो वरच्या चकाकीच्या ध्रुवणात पाणी घालतो. पांढऱ्या गाडीत असा प्रकाश भरपूर असतो. लाल रंग निळा आणि अतिनील प्रकाश शोषून घेतो, म्हणजे त्या तरंगलांब्यांमध्ये लाल गाडी जवळजवळ काळीच असते. तिथे उरते ती निव्वळ चकाकी, शुद्ध आडवी ध्रुवित. आपल्याला जी भडक लाल गाडी दिसते ती चतुराला गडद, खोल, शांत तळं वाटते. कधीकधी तर खऱ्या तळ्यापेक्षाही चांगलं, कारण तळ्याच्या तळाशी चिखलाचा उजळपणा असतो आणि बॉनेटला तळच नाही.

पावसाळा सरला की खोलगट जागी साचलेल्या पाण्यात अंडी घालणारे चतुर थव्याने उडत असतात, म्हणून तुम्हाला ते तेव्हाच दिसतात. अंडी अर्थातच वाया जातात. गाडीचंही नुकसान होतं. तापलेल्या पत्र्यावर अंड्यांचं कवच कडक होताना आम्लं तयार होतात आणि ती वरचा पारदर्शक थर खातात, हे ब्राझीलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं. त्यामुळे पिवळसर ठिपके दिसले तर उन्हात वाळू देऊ नका, त्याच दिवशी पाण्याने धुवा. कव्हर घालणार असाल तर चकचकीत प्लास्टिकचं घेऊ नका, खरखरीत कापडाचं घ्या. प्लास्टिकचं कव्हर म्हणजे आणखी एक तळंच.